व्हाया दादर

मेट्रिक स्पेसचा सराव करायला बसलं की सुरुवातीला माणसाला स्वतःच्या बुद्धीबद्दल भलताच आदर वाटू लागतो. अंतर ऋण नसावं, शून्य आलं तर दोन्ही बिंदू एकच असावेत, इकडून तिकडे जेवढं तेवढंच तिकडून इकडे. प्रत्येक अटीपुढे 'उघड आहे' लिहायचं आणि ऐटीत पुढे जायचं. मग येते त्रिकोण असमानता. वाटेत तिसऱ्याच्या घरी डोकावून गेलात तर अंतर वाढेल किंवा तेवढंच राहील, कमी होता कामा नये. यातही न कळण्यासारखं काही नाही. सिद्ध करायला घेईपर्यंत. सगळे गुण तिथेच दडवलेले असतात.

नॉर्मचंही तेच. सदिशाच्या घटकांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं, तर एकक बॉल गोल येतो. केवलमूल्यांची बेरीज घेतली तर शंकरपाळं. नुसतं मोठं केवलमूल्य घेतलं तर चौरस. (बॉल चौकोनी असतो हे घरी सांगू नये, फीचा विषय निघतो.) इथे एखाद्या हुशाराला सुचतं, उलट करू या: वर्गमुळांची बेरीज घेऊ आणि तिचा वर्ग करू. (१,०) ची लांबी १, (०,१) ची लांबी १. दोघांची बेरीज (१,१), आणि तिची लांबी? १ अधिक १ म्हणजे २, त्याचा वर्ग ४. फार तर दोन चाललं असतं. शंकरपाळ्याच्या कडा आत खचल्या, नॉर्म गेला.

आळशी माणसाचा खरा आधार म्हणजे डिस्क्रीट मेट्रिक. तोच बिंदू असेल तर अंतर ०, नाहीतर सरसकट १. शेजारचा आणि टिंबक्टूचा सारखेच लांब. अर्ध्या त्रिज्येच्या बॉलमध्ये आपण एकटेच; त्रिज्या २ केली की अख्खं जग आत. प्रत्येक संच ओपन, वर क्लोज्डही! 'हे विधान नेहमी खरं असतं का?' असा प्रश्न दिसला की आधी हे मेट्रिक लावून बघावं. भलीभली विधानं इथेच लोळतात.

ही सगळी कल्पना मॉरिस फ्रेशे यांनी १९०६ साली पॅरिसमधल्या आपल्या प्रबंधात मांडली; मेट्रिक स्पेस हे नाव १९१४ मध्ये हाउसडॉर्फ यांनी दिलं. पॅरिसवाल्यांचं आणखी एक देणं सरावाच्या प्रश्नांत हमखास भेटतं: फ्रेंच रेल्वे मेट्रिक. दोन गावं पॅरिसहून निघणाऱ्या एकाच लाइनवर नसतील, तर आधी पॅरिसला जा, मग पुढचं बघू. मुंबईकराला हे शिकवावं लागत नाही. बोरिवली आणि ठाणे यांच्या मधे राष्ट्रीय उद्यान आहे; युक्लिडचं अंतर तिथे फक्त बिबट्याला परवडतं. बाकीच्यांनी व्हाया दादर. (हार्बरवाले आणि वसई-दिवावाले अभ्यासक्रमाबाहेर.)

आता बोरिवलीभोवती बॉल काढा. त्रिज्या दादरपर्यंत पुरत नसेल, तर बॉल म्हणजे रुळांचा नुसता तुकडा: गोरेगाव आत, ठाणे बाहेर. त्रिज्या दादरच्या जरा पुढे गेली की एकदम फाटे फुटतात आणि परळ, माटुंगा भराभर आत शिरतात. ठाणे तरीही बाहेरच. त्रिकोण असमानता केसेस पाडून निमूट सिद्ध होते. कोण कोणत्या लाइनवर, एवढंच बघायचं. फक्त या मेट्रिकमध्ये दादरच्या जिन्याची लांबी शून्य धरलेली आहे. ज्यानं ती धरली, तो संध्याकाळी साडेसहाला तिथे उतरलेला नसणार.