पोटबेरजेचे धनी

नाशिकच्या गंगापूर रोडवर म्हणा, इंदिरानगरात म्हणा, कोणत्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या जिन्याखाली, जिथे पाण्याच्या पंपाची कळ, टपालाच्या पेट्या आणि गतवर्षीच्या गणपतीचे मखर ही मंडळी एकत्र नांदत असतात, तिथे लोखंडी कपाटाजवळ चष्मा कपाळावर चढवून पावत्यांची चळत हातात धरलेले जे गृहस्थ आढळतात, ते त्या संस्थेचे खजिनदार होत. अध्यक्ष स्वातंत्र्यदिनी झेंडा फडकवतात, सचिव फलकावर सूचना चिकटवतात. परंतु संस्था म्हणून जी काही वस्तू अस्तित्वात असते, ती या गृहस्थांच्या वहीत असते, आणि याची जाणीव त्यांना स्वतःला जितकी असते तितकी अन्य कोणालाही नसते.

हे बहुधा नाशिकरोडच्या प्रेसमधून, म्हणजे 1928 पासून जिथे चलनी नोटा छापल्या जात आहेत त्या कारखान्यातून, नाहीतर जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेतून सेवानिवृत्त झालेले असतात. जिथे कोऱ्या कागदाच्या तावाचीही मोजदाद होते, अशा ठिकाणी उमेदीची वर्षे घालवलेल्या मनुष्याला चोवीस बिऱ्हाडांचा जमाखर्च ही किरकोळ बाब वाटेल, असा कोणाचा समज असेल तर तो त्याने सत्वर सोडून द्यावा. कारण ‘किरकोळ’ हा शब्दच या गृहस्थांना शिवीसारखा लागतो.

त्यांच्या मते एकूण बेरीज ही सामान्य जनांसाठी असते. वर्षाकाठी अमुक लाख रुपये खर्च झाले, हे वाचून सभासद एक उसासा टाकतात आणि चिवड्याच्या बशीकडे वळतात. खजिनदारांचा खरा जीव गुंतलेला असतो तो पोटबेरजांत. वीज किती, पाणी किती, रखवालदार किती, उद्वाहनाची देखभाल किती, असे एकेक सदर वेगळे काढून त्याखाली रेघ ओढताना त्यांच्या मुद्रेवर जे समाधान पसरते, तेच सरकारवाड्याच्या काळी एखाद्या महालाची तेरीज बिनचूक उतरवणाऱ्या कारकुनाच्या मुद्रेवर पसरत असले पाहिजे. कोणता खर्च कोणत्या सदरात पडावा याचा निवाडा करण्याचा अधिकार हेच त्यांचे वतन, आणि त्यात पंचांचीही ढवळाढवळ ते खपवून घेत नाहीत.

या निवाड्याचा कस लागतो तो रंगपंचमीला. अन्यत्र लोक धुळवडीलाच रंगून मोकळे होतात. नाशिकला मात्र पंचमीची वाट पाहिली जाते, जुन्या गावात पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, उघडतात, आणि त्यांत उडी मारण्याचे धैर्य वा वय नसलेले सभासद आपल्याच आवारात टँकर मागवतात. आता हा टँकर ‘पाणी’ या सदरात घालावा की ‘उत्सव’ या सदरात? पाण्यात घातला तर पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आकारली जात असल्याने, ज्यांच्या घरी नळ अधिक त्यांनी इतरांच्या पोरांचे रंगणे का सोसावे, हा प्रश्न उपस्थित होतो. उत्सवात घातला तर त्याच दिवशी आंघोळीसाठी त्याच टँकरचे पाणी दोन बादल्या वर नेणारे तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, जे स्वतः रंग खेळत नाहीत, ते फुकट न्हाले असे होते. एकतीस मार्च जवळ आलेला असतो. खजिनदार दोन रात्री झोपत नाहीत, आणि शेवटी टँकरची रक्कम दोन सदरांत विभागून त्याचे टिपण स्वतंत्र कागदावर जोडतात. हिशेब तपासनीस ते टिपण कधीच वाचत नाही, हे दुःख त्यांनी कोणाला बोलून दाखवलेले नाही.

उद्वाहनाच्या सदरावरून तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाशी त्यांचा वार्षिक संग्राम ठरलेला असतो. “आम्ही लिफ्टमध्ये पाऊलही टाकत नाही, मग पैसे का?” या प्रश्नावर ते आदर्श उपविधींची झिजलेली प्रत काढतात, जीत वापर असो वा नसो, त्या इमारतीतील सर्वांनी हा खर्च समसमान सोसावा असे लिहिलेले आहे. सिंकिंग फंडाचे पाव टक्के बांधकामखर्चावर, दुरुस्ती निधीचे पाऊण टक्के त्याच खर्चावर, हे आकडे ते रामरक्षेइतक्याच अस्खलितपणे म्हणतात.

असा हा मनुष्य संगणकाच्या तावडीत सापडला तो नातवामुळे. नातवाने जुना लॅपटॉप देऊन एक्सेल उघडून दाखवले, आणि आजोबांना प्रथमच असा कारकून लाभला, जो चहा मागत नाही. पहिले कित्येक महिने त्यांनी यंत्राची प्रत्येक बेरीज बोटांच्या पेरांवर पडताळून पाहिली. यंत्र चुकेना, तेव्हा त्यांना किंचित वाईट वाटले; पण लवकरच असा एक दोष गवसला की त्यांचा उत्साह दुणावला. वर्षभराच्या नोंदींतून सदरवार पोटबेरजा काढल्या, तो विजेच्या तीन पोटबेरजा निघाल्या! एका सचिवाने ‘वीज’ लिहिले होते, दुसऱ्याने ‘विज’, आणि तिसऱ्याने ‘वीज’ लिहून पुढे एक जागा कोरी सोडली होती, जी मानवी डोळ्यांना दिसत नाही परंतु यंत्राला दिसते. शाळेतले मराठीचे मास्तर ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीला अर्धा गुण कापत; या यंत्राने सबंध खातेच तोडून वेगळे केले. तेव्हापासून खजिनदार शुद्धलेखनाचे कडवे पुरस्कर्ते झाले असून, ‘दुरूस्ती’ असे लिहिलेली पावती ते प्लंबरला परत करतात.

ही विद्या आपल्यापुरती ठेवण्याचा कृपणपणा त्यांच्यात नाही. रविवारी सकाळी, मिसळीचा तवंग ओठांवरून पुसला गेला न गेला तोच, आसपासच्या संस्थांचे नवशिके खजिनदार त्यांच्याकडे पाठ घ्यायला येतात. पहिला धडा क्रमाचा. “आधी सदराप्रमाणे ओळी क्रमाने लावा, मग ‘डेटा’मध्ये जाऊन ‘सबटोटल’ दाबा. नाहीतर पाणी, वीज, पुन्हा पाणी असे आले की ते प्रत्येक वळणावर नवी पोटबेरीज मांडेल. त्याचा दोष नाही, त्याला वाटते तुमचे पाणी तिथे संपले.” विद्यार्थी लिहून घेतात.

“काका, माझा खर्च बरोबर दुप्पट दिसतोय हो,” शेजारच्या संस्थेच्या वहिनी घाबऱ्याघुबऱ्या होऊन सांगतात.

“वहिनी, तुम्ही हाताने पोटबेरजा लिहिल्यात, आणि मग त्या पोटात घेऊनच खाली ‘सम’ मारलीत. एकच रुपया दोनदा खर्च झाला. ‘सम’ काढून तिथेही आणि वरही ‘सबटोटल’ लिहा, कंसात आधी नऊ. मग खालची बेरीज वरच्या पोटबेरजांना हात लावत नाही.”

“नऊच का पण?”

“नवग्रहांना आपण विचारतो का, नऊच का म्हणून? नऊ म्हणजे बेरीज. एक लिहिलेत तर सरासरी येईल, आणि सरासरी काढून कोणाची देणी फिटत नाहीत.”

या उत्तराने वहिनींचे समाधान होते की नाही ते कळत नाही, परंतु खर्च निम्मा झाल्याचे पाहून त्या घरून डिंकाचे लाडू पाठवतात, आणि ते लाडू कोणत्याही सदरात बसत नसल्यामुळे काका ते निःशंकपणे खातात.

तीस सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा भरते. खजिनदार सदरवार पत्रकाची रंगीत प्रत प्रत्येकाच्या हाती देतात. सभासद शेवटची ओळ पाहून पत्रकाची घडी करून त्याने वारा घेतात. मग खजिनदार उठून, प्रकृतीचे कारण देऊन, दरवर्षीप्रमाणे राजीनामा सादर करतात. सभागृहात ती जोखीम घेणारा दुसरा कोणी नसल्याने तो एकमताने फेटाळला जातो. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली कपाट उघडून ते त्या राजीनाम्याच्या कागदाचे आणि लिफाफ्याचे मिळून सहा रुपये ‘लेखनसामग्री’ या सदराखाली, ऱ्हस्वदीर्घ नीट तपासून, मांडतात.