साडू, सासूबाई आणि ६३ मिलिमीटर

आमच्या सासूबाईंना तीन मुली आणि एक पाट. मुली तीन घरी दिल्या, पाट मात्र अजून त्यांनी कुणाला दिलेला नाही. शिसवी, चारी कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकलेला, सासऱ्यांच्या मुंजीतला. गुडघे दुखायला लागल्यापासून सासूबाई टेबलावर जेवतात आणि पाटाची बदली वाहतूक खात्यात झाली आहे. हल्लीच्या गाड्या उंच. दार उघडायचं, पाट खाली ठेवायचा, सासूबाईंनी त्यावर डावं पाऊल टाकायचं, "गजानना" म्हणायचं आणि आत शिरायचं. मग जवळ असेल त्या जावयाने पाट उचलून डिकीत टाकायचा. पाट उचलायला कोण किती लवकर वाकतो यावर आमच्यातल्या जावयांची पत ठरते.

जावई तीन. थोरल्यांकडे टाटांची सफारी, धाकट्यांकडे टाटांचीच हॅरियर. मी मधला. माझ्याकडे चौदा वर्षांची बसकी छोटी गाडी आणि "यंदा घेऊच" हे वाक्य. यंदा बायकोने ते वाक्य पकडून ठेवलं. दोन्ही गाड्यांत बसून बघायचं आणि काय ते ठरवायचं, म्हणून पुणे ते गुहागर असा बेत निघाला. शोरूमवाल्यांची चक्कर चौकातल्या सिग्नलपर्यंत जाते आणि परत येते. तेवढ्यात गाडी कळत नाही, माणसं तर मुळीच नाही.

मुळात या दोघी एकाच आईच्या लेकी. सांगाडा एकच, त्याचं नाव ओमेगा आर्क, आणि त्याचं आजोळ विलायतेतलं, लँड रोव्हरच्या घराण्यातलं. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर दोघींचं २७४१ मिलिमीटर. इंजिनही एकच : दोन लिटरचं डिझेल, १७० अश्वशक्तीचं, मूळचं फियाटचं, आणि तयार होतं आपल्या रांजणगावला. हे ऐकल्यावर सासूबाईंनी बसल्या जागी हात जोडले. "महागणपतीचं रांजणगाव ना? मग बघायचंच काय!" हेच इंजिन दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांतही जातं, असं धाकट्यांनी सांगून पाहिलं. "अष्टविनायक काय एकट्या टाटांचे आहेत?" असं उत्तर आलं.

हॅरियर आली २०१९ च्या जानेवारीत. मग तिलाच मागे जरा वाढवून, तिसरी रांग बसवून धाकटी बहीण उभी केली. २०२० च्या ऑटो एक्स्पोत ती ग्रॅव्हिटास म्हणून मिरवली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत प्रत्यक्ष आली तेव्हा लग्नात नाव बदलावं तसं नाव बदलून सफारी झाली होती. नाव घराण्यातलं, १९९८ सालचं. थोरले भाळले ते या नावावर. जुन्या सफारीच्या मागच्या आडव्या सीटवर गुडघ्याला गुडघे लावून ते एका मित्राच्या वरातीला गेले होते, आणि ती वरात अजून त्यांच्या डोक्यात वाजते आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात दोघींचे चेहरे एकदमच बदलले, बहिणी जोडीने पार्लरला जाऊन याव्यात तसे. डिसेंबरात भारत एनकॅपने गाड्या आपटून गुण द्यायला सुरुवात केली. पहिला मान या दोघींचा. दोघींना पाच-पाच तारे. मोठ्यांच्या सुरक्षिततेत दोघींना ३२ पैकी ३०.०८, मुलांच्या सुरक्षिततेत दोघींना ४९ पैकी ४४.५४. आमच्या शाळेत दशांश चिन्हापुढेही सारखे गुण पडले असते, तर दोघांनाही हेडमास्तरांच्या खोलीत उभं केलं असतं.

राहता राहिला फरक. हॅरियर ४६०५ मिलिमीटर लांब, सफारी ४६६८. वजा करा, ६३ उरतात. माझी साडेतीन बोटं. या साडेतीन बोटांवर आमचे दोन साडू प्रत्येक सणाला, वरण-भात ते ताक, एवढा वेळ बोलू शकतात.

पहाटे साडेपाचला कोथरूडमध्ये सामान भरायला घेतलं. माणसं दहा, बॅगा चौदा. तिन्ही रांगा उभ्या ठेवल्या की सफारीच्या डिकीत ७३ लिटर जागा उरते. सामान लिटरमध्ये का मोजतात देव जाणे, बॅगा काही कुणी ओतून भरत नाही. थोरल्यांनी पाट, सासूबाईंची औषधांची पिशवी आणि एक छत्री ठेवली आणि "झालं" म्हणून दार खाली घेतलं.

"इकडे द्या की," धाकटे दिलदारपणे म्हणाले. "आमच्याकडे ४४५ लिटर आहे."

ते ४४५ लिटर भरले. वर मागच्या सीटवर चिवड्याचा डबा, दोन उशा आणि बॅडमिंटनच्या रॅकेटी आल्या. मग हात झटकत धाकटे म्हणाले, "आता आमच्यात चौघंच बसतील हं." धाकटे, धाकटी, त्यांचा मुलगा आणि चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन माझी बायको. उरलेले सहा जण सफारीत : थोरले चालवायला, मी शेजारी, मधे सासूबाई आणि थोरली, शेवटच्या रांगेत त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी. शेवटची रांग पोरांनी आधीच बळकावली होती. तिथे एसीची स्वतंत्र भोकं असतात आणि आईचा हात पोचत नाही.

थोरले इको मोडवर गाडी चालवतात. स्पोर्ट मोड आपल्याला मिळालाय हे त्यांना ठाऊक आहे, पण लॉकरमधल्या दागिन्यासारखं. खेड-शिवापूरच्या टोलवर धाकटे आम्हाला मागे टाकून गेले. "जाऊ दे," थोरले म्हणाले, "पन्नास लिटरचीच टाकी दोघांची. बघू कुणाची आधी रिकामी होते." सासूबाईंनी तोवर एका मयत आत्याची गोष्ट सुरू केली होती, आणि ती आत्या अजून माहेरीच होती.

सहा सीटच्या सफारीत मधल्या रांगेला दोन सुट्या खुर्च्या असतात. त्यांना कॅप्टन सीट म्हणतात. डावीकडच्या कॅप्टनला एक जादा अधिकार दिलेला आहे. पुढच्या सीटच्या कुशीत एक बटण असतं, ते दाबलं की पुढचा माणूस सीटसकट पुढे सरकतो. याला बॉस मोड म्हणतात. खंबाटकी चढताना सासूबाईंना ते बटण सापडलं.

आधी मला वाटलं, ब्रेक लागला. मग डॅशबोर्ड सावकाश, अगदी आदबीने माझ्याकडे यायला लागला. गुडघे टेकले. हातातलं केळं काचेच्या दिशेने निघालं.

"सासूबाई, काय करताय?"

"मी कुठे काय करतेय? वारा कुठून येतो ते बघतेय. थोरली म्हणाली, या सीटला पाठीत पंखा आहे."

"बॉस मोड तो," थोरले समोरची नजर न काढता म्हणाले. "राहू द्या हो. त्यांना पाय मोकळे लागतात."

नावावर माझं काही म्हणणं नाही. आमच्या घरात हा मोड बटणाशिवाय तीस वर्षं चालू आहे. साताऱ्यापर्यंत मी गुडघे पोटाशी घेऊन बसलो आणि आत्याचं लग्न ऐकलं.

उंब्रजला महामार्ग सोडला, पाटणला चहा घेतला, आणि कोयनानगरला अदलाबदल केली. बायको सफारीत आली आणि मी हॅरियरमध्ये, चिवड्याच्या डब्यासह. दार लागल्यावर पहिली जाणवली ती शांतता. इंजिन तेच, काचा त्याच, डोक्यावरचं लांबरुंद काचेचं छप्पर तेच. पण इथे आत्या नव्हती. कुणी "पुढे एसटी स्टँड आहे, कुणाला जायचंय का" असं विचारत नव्हतं. धाकट्यांनी स्पोर्ट मोड लावला आणि कुंभार्ली उतरायला घेतला.

"फरक कळतोय ना?" प्रत्येक वळणावर ते विचारत होते.

"कळतोय," मी म्हणत होतो. खरं तर मला फक्त चिवडा एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलेला कळत होता.

पोफळी मागे पडली. धाकटी आणि मुलगा झोपले. तेव्हा धाकट्यांनी आवाज उतरवला. "तुम्ही घरचेच म्हणून सांगतो. सफारी परवडत नव्हती असं नाही. पण पाच सीट म्हणजे पाच. कुणी विचारलं की 'अहो, जागाच नाही' म्हणता येतं. आणि ते खोटंही नसतं."

मी त्यांच्याकडे आदराने पाहिलं. लोक गाडी घेताना मायलेज, टॉर्क, रंग बघतात. या गृहस्थाने नकार विकत घेतला होता, तोही कंपनीच्या वॉरंटीसकट. तिकडे थोरल्यांच्या सफारीने गेल्या वर्षभरात दोन लग्नं, एक साखरपुडा, शेजाऱ्यांच्या आजोबांचा हॉस्पिटलचा डिस्चार्ज, गौरींचे मुखवटे आणि आंबेमोहोराचं एक पोतं वाहिलं होतं. रिकामी सीट दिसली की आपल्या माणसांना ती भरावीशी वाटते. एसटीत रुमाल टाकण्याचे संस्कार असे जात नाहीत.

गुहागरचे दोन दिवस सांगत बसत नाही. समुद्र होता तिथेच होता, व्याडेश्वराचं दर्शन झालं, मोदक मोजायचे नाहीत असं ठरलं. एकच नोंद करतो. उतरलो होतो त्या घराची वाट दोन्ही बाजूंनी चिऱ्याच्या गडग्यांतली. घरमालकांनी सुपारीची काठी आडवी धरून वाट मोजली, मग सफारी मोजली, मग हॅरियर मोजली. रुंदी दोघींची सारखीच, १९२२ मिलिमीटर. दोघीही रस्त्यावरच राहिल्या. "दोन गाड्या आणण्यापेक्षा एक बारीक आणायची," ते म्हणाले आणि काठी घेऊन आत गेले.

परतताना धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरून दापोलीकडे जायचं ठरलं. तोवर सफारीच्या ७३ लिटरांत आमसुलं, फणसपोळी, कोकम सरबताच्या बाटल्या आणि दोन असोले नारळ गेले होते, म्हणून पाट हॅरियरमध्ये गेला. जेटीवर रांग होती. सफारी पुढे, हॅरियर तिच्या मागे. सासूबाई खाडी बघायला खाली उतरल्या. उतरताना पाट काढला, परत हॅरियरच्या डिकीत ठेवला. तेव्हा माझ्या मनात पालदेखील चुकचुकली नाही.

बोट भरत आली. एका गाडीची जागा उरली. बोटीवरच्या पोराने दोन्ही गाड्यांकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि हात हॅरियरकडे केला. "ती ल्हान हाय ती येऊ द्या. मागनं घ्या."

थोरले खाली उतरले. "अरे, नंबर आमचा आहे!"

"न्हाय बसायची काका ती. फळका उचलाया पायजे ना."

"अरे बाबा, फरक फक्त ६३ मिलिमीटरचा आहे!"

"आसंल," पोरगा म्हणाला. त्याने जन्मात मिलिमीटरला भीक घातली नसावी. "पुढल्या फेरीला या."

हॅरियर उलटी आत गेली. "येऊ द्या, येऊ द्या, बस्स!" मी फळक्यापाशी उभा होतो. फळका वर घ्यायच्या आधी हॅरियरच्या नाकापुढे किती जागा उरली ते मी हात घालून बघितलं. चार बोटं. म्हणजे सफारीसुद्धा बसली असती, वर अर्धं बोट शिल्लक राहिलं असतं. हे मी थोरल्यांना अजून सांगितलेलं नाही.

बोट सुटली. धाकट्यांनी काच खाली करून हात हलवला. खाडीच्या मध्यावर ती पोचली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ऊन फार झालं. मी गाडीत बसते. पाट आणा."

पुढची फेरी पाऊण तासाने. पाट दाभोळच्या वाटेवर, पाण्यावर. थोरल्यांनी माझ्याकडे बघितलं, मी थोरल्यांकडे. त्यांनी टायर बघितला, मी माझा गुडघा बघितला आणि तो विचार सोडून दिला. जेटीच्या कडेला मासळीचे निळे क्रेट उलटे घालून ठेवले होते. आयुष्यात अंड्याला न शिवलेल्या बाईसमोर मी त्यातला एक आणून ठेवला. माझी मुलगी नाक धरून बाजूला झाली. सासूबाईंनी क्रेट बघितला, खाडी बघितली, मला बघितलं.

"धुवा," त्या म्हणाल्या.

पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या ओतल्या. वर माझा टॉवेल घातला. डावं पाऊल, "गजानना", आणि त्या आत. बसल्यावर साडी सारखी करत म्हणाल्या, "पायरी चांगली आहे. पाटापेक्षा रुंद." थोडं थांबून, "टॉवेल मात्र आत आणू नका."

पुण्यात पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. बायकोने प्रवासभर वहीत काहीबाही टिपलं होतं. मी दिव्याखाली डोकावलो. एका पानावर 'हॅरियर' लिहून खाली 'शांत' एवढंच. दुसऱ्या पानावर 'सफारी' आणि खाली दीड पान आत्याची गोष्ट, तारीखवार.

"मग?" मी विचारलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. थोरले होते. त्यांनी हातातला पाट आमच्या उंबऱ्याशी ठेवला, फुलांची बाजू वर करून.

"राहू दे तुमच्याकडेच. दसऱ्यापासून आई इकडे यायच्यात ना? आणि सात सीटचीच बघताय म्हणे तुम्ही."

"कोण म्हणालं?"

"आईच म्हणाल्या."

खालून धाकट्यांचा आवाज आला, "आमच्याकडे ठेवला असता हो, पण जागाच नाही!"

दारं लागली, इंजिनं सुरू झाली, दोन्हींचा आवाज अगदी सारखा. मी पाट उचलला आणि पायताणांच्या फडताळावर ठेवला. आमच्या जुन्या गाडीला तो कधी लागलाच नव्हता. तिच्यात सासूबाई थेट जमिनीवरून बसतात.