न पिणाऱ्याचा परवाना

महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि त्याखालचा परवाना, हसू नका, प्रकृतीच्या रक्षणासाठी दिला जातो. बिअरला वयाची २१ वर्षं पुरी लागतात, व्हिस्की-रमला २५. म्हणजे पदवीला शिकणारं जवळजवळ प्रत्येक पोरगं कायद्यानं कोरडं. प्रत्यक्षात कोल्हापुरात राजारामपुरीतल्या भाड्याच्या खोलीत शनिवारी ‘बसायचं’ ठरलं, की परवाना मागतात तो न पिणाऱ्याकडे.

“का रं भावा, तब्येत बरी न्हाई?” प्रकृतीसाठी पिणाऱ्यांना न पिणाऱ्याच्या प्रकृतीची काळजी वाटावी, हे कायद्याला धरूनच आहे. मग घरच्या परिस्थितीची चौकशी होते, मग ब्रेकअपची. शेवटी निकाल: “एक घोट मार की मर्दा, काय हुतंय!”

या खटल्यात काही बचाव मान्य आहेत. गळ्यात तुळशीची माळ असेल तर प्रश्न मिटला. माळकऱ्याच्या पोरापुढे अट्टल पिणाराही बाटली अंमळ बाजूला सरकवतो. श्रावण चालतो. पित्ताच्या गोळ्या चालतात. तालमीत जातो म्हटलं तर उलट मान वाढतो. चालत नाही ते एकच उत्तर: “मला नको.” व्रत नाही, आजार नाही, वडिलांचा धाक नाही, नुसतंच नको? खोलीतले सगळे असे बघतात, जणू पोरानं तांबड्या रश्शाला नाव ठेवलं.

शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहांची रांगच लावली. आजच्या पोरांनी त्यात दोन नव्या समाजांची भर घातली आहे: पिणारे आणि न पिणारे. मुलींना हा प्रश्न वेगळ्या टोकानं येतो. मैफल रंगायच्या आत त्यांच्या वसतिगृहाचं फाटक बंद होतं, त्यामुळे त्यांना नकार द्यायचीही संधी मिळत नाही.

निर्दोष सुटलेल्या पोराची लगेच नेमणूक होते. पन्हाळा रोडच्या ढाब्यावरून परतताना गाडीची चावी त्याच्या हातात. दारू पिऊन गाडी चालवली तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन्हीही होऊ शकतं. त्यामुळे मघाशी ज्याला “बायल्या” म्हटलं, तो आता “आमचा ढाण्या वाघ” असतो. कुणाच्या आईचा फोन आला तर “काकू, तो अभ्यास करत झोपलाय” हे त्यानंच सांगायचं, कारण जीभ जाग्यावर असलेला तो एकटाच. कोण रडला, कुणी कुणाच्या जुन्या मैत्रिणीला फोन लावला, याचा एकमेव विश्वासू साक्षीदारही तोच. चालक, प्रवक्ता, परिचारक आणि सकाळी झाडूवाला. नव्या शैक्षणिक धोरणात कौशल्यालाही क्रेडिट आहेत म्हणतात. शिवाजी विद्यापीठानं या पोरांना निदान चार तरी द्यावीत.

आणि मग बिल. पाच जण, पाच समान भाग. रात्रभर देशात समता कशी आली नाही यावर गळा काढणारे दोस्त बिलाच्या वेळी एका क्षणात ती आणतात. न पिणाऱ्यानं एक सोडा घेतलेला असतो. (चकण्याचे शेंगदाणे निम्म्याहून जास्त त्यानंच संपवले, हा आरोप मात्र खरा आहे. बिचाऱ्यानं चार तास करायचं काय?)

पण या पोरानं कोल्हापुरात राहून स्वतःला एकटं समजावं, हा मात्र कहर आहे. हे गाव मुळात त्याच्यासाठीच वसवलंय. संध्याकाळी गंगावेशीत जा. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात, वर बोटभर फेस. वयाची अट नाही, परवाना नाही, आणि मालात भेसळ आहे का हे डोळ्यांदेखत कळतं. ‘कॉकटेल’ मागितलं तर या शहरात आइस्क्रीम, जेली आणि फळांनी भरलेला ग्लास येतो, तो आजीसोबत बसून खाता येतो. खासबागेत भेळ आहे, पलीकडे १९१२ साली महाराजांनीच बांधलेलं कुस्तीचं मैदान आहे. रंकाळ्यावर तर काही न खाता-पिताही तीन तास बोलता येतं. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पाटाकडील आणि दिलबहार हे संघ समोरासमोर आले, की शुद्धीतली माणसं जे करतात ते पाहून पिणाऱ्यांनाही आपले पैसे वाया गेले असं वाटावं.

खरी पंचाईत इथं न पिणाऱ्याची नाहीच, मटण न खाणाऱ्याची आहे. दारू नको म्हणालात तर चौकशी होते. पांढरा रस्सा नको म्हणालात तर सगळे गप्प होतात. पण तो वेगळ्या सदराचा विषय.

३१ डिसेंबरला अंनिसचे कार्यकर्ते ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणत दुधाचे ग्लास वाटतात. उपक्रम चांगला आहे, पण सगळ्या पोरांना चळवळ करायची नसते. बहुतेकांना दोस्तांत बसायचं असतं, हसायचं असतं, फक्त हातात ग्लास सोड्याचा हवा असतो. तेव्हा नव्या वर्षाच्या पोरांनो, यंदा माळ, श्रावण, पित्त काही पुढे करू नका. “मला नको” एवढंच म्हणा आणि शेंगदाण्याची बशी जवळ ओढा. आणि बिल आलं की सोडा आणि चकणा आपल्या नावावर लिहून बाकीचा कागद त्यांच्याकडे सरकवा. जीपे करताना लाजू नका. चावी तुमच्याच खिशात आहे.