पांघरूण चौथीपर्यंत

सरकारही कधीकधी आजीसारखं वागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने फर्मान काढलं, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. लेकरांची झोप पुरी होत नाही, ही काळजी त्याआधी खुद्द राज्यपालांनी बोलून दाखवली होती. हुकूम मोठा गोड. फक्त चौथीतलं लेकरू बहुधा सुट्टीच्या दिवशीही सहाला आपणहून उठून घर डोक्यावर घेतं. झोप खरी कमी पडते ती पुढे, आवाज फुटण्याच्या, आरशासमोर रेंगाळण्याच्या वयात. तेव्हा अंगातलं मेलाटोनिनच रात्री तास-दोन तास उशिरा पाझरू लागतं, आणि डॉक्टर तर आठ ते दहा तास झोपा म्हणतात. नेमकं त्याच वयात शासनाने पांघरूण ओढून घेतलं.

माझी भाची पुण्यात दहावीला आहे. क्लास, क्लासचा गृहपाठ, मग ‘पाचच मिनिटं’ मोबाइल. ही पाच मिनिटं ती फार काटकसरीने, मध्यरात्र उलटेपर्यंत पुरवते. सकाळी बेसिनपाशी तोंडात ब्रश धरून उभ्याउभ्या झोपते. फेस हनुवटीवर उतरतो, डोळा काही उघडत नाही. बहीण उसासा टाकते, “गावाकडची पोरं बघ, कोंबड्याबरोबर उठतात!”

गावाकडचा माझा पुतण्याही दहावीलाच. कोंबड्याशी त्याचा फारसा संबंध येत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतीची थ्री फेज वीज रात्री उशिरा येते, आणि माझ्या दादाबरोबर बॅटरी घेऊन तो कांद्याला दारं धरायला जातो. वाफा भरायला वेळ लागतो. दादा बांधावर तंबाखू मळतात. हा चिखलाचे पाय पाटात सोडून रेंज शोधतो. साडेबाराला एखादं रील पुण्याला निघतं आणि तिकडून, चादरीखालून, हसरा पिवळा चेहरा परत येतो. सकाळी एसटीत हा दांड्याला लोंबकळत झोपतो. कंडक्टरला त्याचा थांबा पाठ आहे.

फरक नाही असं कसं म्हणू? तो फाट्यापर्यंत रोज चालतो आणि किती चाललो हे त्याला ठाऊक नसतं. तिचा मोबाइल पावलं मोजतो, म्हणून आकडा पुरा करायला ती रात्री गॅलरीत येरझाऱ्या घालते. तिला पिझ्झा नको होतो तेव्हा त्याला भाकरी नको झालेली असते. पण जांभई दोघांची अगदी सख्खी.

दिवाळीत दोघं आजीच्या पडवीत शेजारशेजारच्या गोधड्यांत दहा वाजेपर्यंत आडवे. आजी अंगण झाडताना पुटपुटते, “शहराचं वारं लागलं गं बाई पोराला!” आणि उंबऱ्यावर चहा फुंकत बहीण समाधानाने म्हणते, “बघ, गावची हवा! पुण्यात हिला अशी झोप लागतच नाही.”