एका सिस्टरमागे किती खाटा?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला 200 वर्षं होत होती, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2020 हे परिचारिका आणि सुईणींचं वर्ष आधीच जाहीर केलं होतं. त्याच वर्षी कोविडची साथ आली आणि 22 मार्चला आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आपण गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. 3 मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुलं उधळली. कौतुकाबद्दल तक्रार नाही. तेवढ्यावर हिशेब मिटला असं मानणाऱ्यांबद्दल आहे.

कोविड वॉर्डात पीपीई किट एकदा चढवलं की ते उतरेपर्यंत पाणी नाही, लघवीला जाणं नाही. मासिक पाळी असली तरी तेच. घरी गेल्यावर लेकराला जवळ घ्यायची भीती. हे सगळं सिस्टरांनी सोसलं. माणूस आतून खचतो तो दोन रुग्णांचे अलार्म एकदम वाजतात आणि धावायला ती एकटीच असते तेव्हा. रुग्णासाठी काय करायला हवं हे तिला नेमकं कळत होतं, पण तेवढा वेळच हाताशी नव्हता. अशी ड्युटी संपवून निघालेल्या बाईला कामाचं समाधान कुठून मिळणार?

अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका हवी, हा निकष भारतीय परिचर्या परिषदेचा. साथीत तो कोलमडला हे एक वेळ समजून घेऊ. पण साथीआधी तरी किती ठिकाणी पाळला जात होता? पगाराचंही तेच. अगदी छोट्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान 20,000 रुपये द्यावेत, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने साथीच्या कितीतरी आधी केली होती. मे 2020 मध्ये कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतल्या शेकडो परिचारिका नोकरी सोडून मणिपूरला आणि इतर राज्यांत आपापल्या घरी गेल्या. त्यांना भेकड म्हणण्याआधी त्यांचा पगार विचारा.

आपल्याकडेही लाट आली की कंत्राटी सिस्टर घ्यायच्या, ओसरली की नारळ द्यायचा. मे 2022 मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा रुग्णांचे हाल सगळ्यांना दिसले. रिकाम्या पदांमुळे ते हाल एरवीही होतच असतात.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर दर ड्युटीला दोन आकडे लिहा: परिचारिका किती हव्यात आणि हजर किती आहेत. नातेवाइकांना ते वाचू द्या आणि त्याचा जाब सिस्टरला न विचारता अधिष्ठात्यांना आणि आरोग्यमंत्र्यांना विचारू द्या.