गोखले, बर्फीवाला आणि मधली फट

नागरी धोरणांवरची नियतकालिकं वाचतं कोण? नगरसेवक वाचत नाहीत, त्यांना वॉर्डातून सवड नाही. अधिकारी वाचत नाहीत, कारण निम्मा मजकूर त्यांनीच लिहिलेला असतो. उरलो आपण. आपल्याला नळाला पाणी कधी येणार एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. तरीही गुळगुळीत कागदावर ‘लोकसहभाग’, ‘सक्षमीकरण’ आणि ‘शाश्वत’ हे त्रिकूट दर अंकाला हजर. आयुक्तांचा फोटो असतोच. शेवटच्या पानावर एखाद्या महापालिकेची जाहिरात, आणि त्यातलं शहर इतकं चकाचक की तिथे आपण राहत नाही याची खात्रीच पटते.

पण मुंबईत या विषयाला घराणं आहे. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था 1926 साली इथेच निघाली. पालिकांचा कारभार कसा चालवावा, हे ती तेव्हापासून शिकवते आहे, त्यावर नियतकालिकंही काढते आहे. आणि त्याच मुंबईत 7 मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली ती पुढच्या निवडणुकीला थेट 15 जानेवारी 2026 उजाडला. मुदत संपायच्या आत निवडणूक उरका, असं घटनेचं 243-यू कलम बजावतं. बजावेना का! मधल्या काळात आयुक्त तेच आणि प्रशासकही तेच. 2025-26 चं 74,427 कोटींचं अंदाजपत्रक आयुक्तांच्या हाताखाली तयार झालं आणि आयुक्तांच्याच सहीनं मंजूर झालं. इतकं एकमत सभागृहात कधी झालं होतं?

याच काळात अंधेरीत गंमत झाली. गोपाळ कृष्ण गोखले हे पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले. सी. डी. बर्फीवाला हे स्थानिक स्वराज्य संस्थेचे जुने धुरीण. दोघांच्या नावाचे पूल शेजारी-शेजारी, एकमेकांना जोडलेले. गोखले पूल पाडून नवा बांधला, 26 फेब्रुवारी 2024 ला त्याची एक बाजू खुली झाली, आणि बघतो तर काय, नवा पूल वर, बर्फीवाला खाली, मधे पुरुषभर उंचीची फट! रेल्वेनं रुळांवरची उंची वाढवायला लावली म्हणून गोखले वर गेले. बर्फीवालांना कुणी कळवलं नाही. कोट्यवधींचं काम, हाताशी सल्लागार, आणि टेप लावायचा राहिला. शेवटी व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांना विचारून बर्फीवाला पूल जॅकवर उचलला, आणि जुलैत दोघांची गाठ पडली.

नगरसेवक असते तर फट पडली नसती, असं म्हणायला मी काही कालचा मुंबईकर नाही. पण सभागृहात कुणीतरी कागद भिरकावला असता, हरकतीचा मुद्दा काढला असता, दोन अभियंत्यांना घाम फुटला असता आणि इतिवृत्तात चार ओळी पडल्या असत्या. प्रशासकाच्या दालनात कागद भिरकावणार कोण?

तेव्हा संपादक महाशय, एक विनंती. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांकडे सोपवण्याचे 18 विषय आहेत, त्यात चौथा ‘रस्ते आणि पूल’. पुढचा अंक त्यावर काढा. आयुक्तांचा फोटो एकदा राहू द्या, त्या जागी फटीचा छापा. आणि नव्या नगरसेवकांना घरपोच पाठवा. 227 प्रती लागतील.