दुधापुढे ध्यानस्थ

मनाचा ताण घालवायला हल्ली माणसं मोबाइलमधली ध्यानाची घंटा लावून बसतात. ज्या यंत्राने दिवसभर लक्ष पळवलं, त्यालाच रात्री ते शोधून आणायला सांगायचं, असा हा व्यवहार. माझ्या मते या तालमीला गॅसवरचं दूध पुरेसं आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण कमी करण्याचा जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यात एकच बेदाणा न्याहाळत, हुंगत, सावकाश चावून खायला लावतात. बेदाणा गुणीच, पण त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तर तो बिचारा काही करत नाही. दूध करतं. आधी कडेने बारीक बुडबुडे, मग वर साय धरते, तिच्याखाली वाफ कोंडते, साय मधोमध फुगते आणि आपण कुणाला तरी 'शुभ सकाळ'चं फूल पाठवत असतानाच सगळं बर्नरवर. शिष्याचं मन नेमकं कधी भटकलं, हे इतक्या रोखठोकपणे सांगणारा गुरू दुसरा नाही.

आणि मन भटकतंच. २०१० साली किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या हार्वर्डच्या संशोधकांनी लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून गाठून 'आत्ता मन कुठे आहे?' असं विचारलं, तेव्हा जवळपास ४७ टक्के वेळा ते हातातल्या कामावर नव्हतं. गोड विचारांत रमलेली माणसंसुद्धा कामात लक्ष असलेल्यांपेक्षा जास्त सुखी निघाली नाहीत. दिवास्वप्नं बघणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

'मग पिढ्यान्‌पिढ्या दूध तापवणाऱ्या बायका एव्हाना बुद्धपदाला पोचायला हव्या होत्या,' असं कुणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. पण त्या बाईच्या वाट्याला नुसतं दूध कधी येतं? शेजारी पोळ्यांचा तवा, पलीकडे कुकरच्या शिट्ट्या आणि आतून 'माझे मोजे कुठायत?' एका वेळी एकच काम ही यातली मूळ अट. ती पाळायची तर मोज्यांच्या मालकालाच दुधापुढे उभं केलेलं सोयीचं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ताण साहेबात असतो, गृहकर्जाच्या हप्त्यात असतो, विरार लोकलच्या दारात असतो. तो दूध बघून कसा जाईल? जात नाहीच. 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये २०१४ साली ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा आढावा आला. त्यात चिंता आणि नैराश्य काहीसं उतरलेलं दिसलं. औषधं किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. तेव्हा बारा-बारा तास राबवून शनिवारी ध्यानाच्या कार्यशाळेला बसवणाऱ्या कंपन्यांनी सरळ शनिवारची सुटी द्यावी. दुधाचा दावा फार लहान आहे. अकरा वाजता ओरडणारा साहेब सकाळी सातपासूनच आपल्या डोक्यात ओरडत असतो; त्यातली पाच मिनिटं वाचतात, इतकंच. आणि लक्ष ढळून दूध उतू गेलंच, तर बर्नर आणि शेगडीखालचा तो चिकट कोपरा घासताना साहेब आठवत नाही. त्यात घरातलं कुणी मागे येऊन उभं राहिलं, तर तोच परवडला असं वाटतं.